अनुभव विचारला तेव्हा

"अनुभव काय आहे?" टेबलापलीकडच्या माणसानं विचारलं.

सुकन्या म्हणाली, "अनुभव तसा काही न्हाई सर. मी घरीच असते."

झालं. एवढ्या एका उत्तरावर मुलाखत आटोपली. माणूस वाईट नव्हता. त्यानं पाणी विचारलं, "कळवतो" म्हणाला, पंख्याखाली फडफडणारा तिचा बायोडाटा गठ्ठ्यात सगळ्यात खाली सरकवला आणि पुढच्या बाईला हाक मारली. सुकन्या पायऱ्या उतरून रस्त्यावर आली तेव्हा तिला वाटलं, आपल्याला अजून नीट बसूही दिलं नव्हतं आणि उठवलंसुद्धा.

लातूरच्या ट्यूशन एरियातल्या त्या मुलींच्या होस्टेलला रेक्टर पाहिजे होती. बाहेरगावाहून शिकायला आलेल्या मुलींवर देखरेख करणारी, त्यांचं हवं-नको बघणारी बाई. फाटकावर लावलेली पाटी सुकन्यानं दुधाची पिशवी आणायला जाता-येता वाचली होती. वाचताना तिच्या मनात आलं होतं, हे तर मला येतं. पण खुर्चीवर बसल्यावर ते नेमकं काय येतं, हे काही तिच्या तोंडून निघालं नाही.

सुकन्या देवणीजवळच्या गावातली. घरची शेती, गोठ्यात देवणी गाई, सासू धोंडाबाई अजून पहाटे उठून अंगण झाडणारी. नवरा हरिओम रानात रमणारा गडी. सगळं चांगलं चाललेलं होतं. मुलगी साक्षी दहावीला चमकली आणि अकरावीसाठी तिला लातूरला टाकायचं ठरलं. आता त्या भागात रीतच पडली आहे, पोरगी लातूरला शिकायला निघाली की आई तिच्यासोबत खोली करून राहते आणि बाप गावाकडं रान सांभाळतो. सुकन्यासुद्धा कुकर, गॅस आणि गाद्यांचं बोचकं घेऊन कुसुमकाकूंच्या घरी वरच्या मजल्यावर राहायला आली. कुसुमकाकू म्हणजे हायस्कूलमध्ये जन्मभर मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाई. कडक, पण मायेच्या.

त्या वर्षी साक्षीच्या क्लासमधल्या शिल्पा नावाच्या मुलीला बाहेरचं खाऊन खाऊन कावीळ झाली. शिल्पाची आई उदगीरहून आली आणि सुकन्याचे हात धरून म्हणाली, "ताई, हिला तुमच्याजवळ ठिवून घ्या. तुमच्या पोरीच्या ताटातलं अर्धं दिलं तरी चालंल." सुकन्यानं ठेवून घेतलं. अर्ध्या ताटाचा काही प्रश्न नव्हता, पूर्ण ताट वाढलं. मग नात्यातली एक आली, मग तिच्या मैत्रिणीची बहीण, मग कर्नाटकच्या सीमेपलीकडची अंबिका. वरच्या खोल्यांमधे गाद्यांना गाद्या लागल्या. साक्षी बारावी होऊन नांदेडला बी.ए.एम.एस.ला लागली, तरी सुकन्याला लातूर सोडता येईना, कारण खोलीत मागच्या मुली अभ्यासाला बसलेल्याच होत्या. एक तुकडी गेली की दुसरी येई.

यंदा मात्र ते थांबलं. काकूंचा मुलगा अनय पुण्याहून बायकोमुलांसह कायमचा परत येणार होता, त्याला वरचा मजला लागणार होता. मेमध्ये परीक्षा झाल्या, मुली आपापल्या गावी गेल्या, आणि इतकी वर्षं पाय ठेवायला जागा नसलेल्या त्या खोलीत एकाएकी आवाज घुमायला लागला.

"ये की आता गावाकडं," हरिओम फोनवर म्हणाला. "इथं काय कमी हाय?"

"कमी कायच न्हाई. पण मला काम करावं वाटून राहिलं."

"मग कर की. मी कुठं अडवलं?"

अडवलं कुणीच नव्हतं. ट्यूशन एरियातल्या पायऱ्यांवरून परत येताना सुकन्याला तेच जास्त लागत होतं. अडवणारं कुणी असतं तर त्याच्यावर राग तरी काढता आला असता.

काकू ओसरीत शेंगा निवडत बसल्या होत्या. चेहरा बघूनच त्यांना कळलं. तरी त्यांनी सगळं विचारून घेतलं. कोण होतं, काय म्हणालं, तू काय म्हणालीस.

"अनुभव न्हाई म्हनलं."

"खरं सांगितलंस का खोटं?"

"खरंच की काकू. नोकरी कुठं केली मी कधी?"

"त्यांनी नोकरी विचारली होती का अनुभव?" काकूंनी सूप बाजूला सारलं. "बस समोर. समज, मी त्या होस्टेलची मालकीण. सांग मला, इतकी वर्षं माझ्या घरात वर काय चालायचं?"

सुकन्याला हसू आलं. पण काकूंच्या डोळ्यांत शाळेतली नजर होती, तेव्हा ती नीट बसली. "काय चालायचं? पोरी अभ्यास करायच्या. जिच्या तिच्या वेळंला जेवण व्हायचं. कोणी आजारी पडलं की दवाखाना व्हायचा. भांडणं व्हायची, मिटायची. आईबाप यायचे, बोलणं व्हायचं. पोरी पास व्हायच्या."

काकूंनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "मी इतक्या पिढ्यांना व्याकरण शिकवलं, पण असं कधी ऐकलं नाही. अगं, एवढ्या वाक्यांत तू एकदाही नाहीस! जेवण व्हायचं म्हणजे? चुलीवर आपोआप चढायचं आणि ताटात येऊन बसायचं? भांडण मिटायचं म्हणजे दमून मिटायचं? कुणी मिटवलं?"

"मी."

"दवाखान्यात कोण घेऊन गेलं?"

"मीच की."

"मग तसं बोल. वाक्याला कर्ता असतो सुकन्या, तो गाळला की ऐकणाऱ्याला वाटतं, काम देवानं केलं."

सुकन्या पदराशी चाळा करत राहिली. "काकू, असं मी मी करणं बरं दिसतंय का? लोक म्हनतील, केवढा तोरा."

"न केलेलं सांगितलंस तर तो तोरा. केलेलं सांगितलंस तर ती माहिती. समोरच्याला माणूस निवडायचाय, त्याला माहिती नको का? ती तू लपवलीस, आणि वर त्याच्याकडून अपेक्षा करतेस की त्यानं ओळखावं."

हे मात्र सुकन्याला टोचलं. ती वर गेली, गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी काढायला लागली, आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हणाली, "मी पोरींना पहाटं उठवत होते." कानाला विचित्र वाटलं. दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय असं. ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्यानं. मग पुढचं सुचलं. शिल्पाला हाक मारून उठवलेलं चालायचं नाही, दिवसभर चिडचिड करायची. तिच्या उशाशी नुसता दिवा लावला की पुरे. अंबिकाला मात्र हलवल्याशिवाय जाग यायची नाही. हे कुणी शोधून काढलं? मी. क्लासच्या वेळा बदलल्या की स्वयंपाकाच्या वेळा कुणी बदलल्या? मी. परीक्षेच्या आदल्या दिवशी कुणाच्याही आईबापानं मार्कांचं नाव काढायचं नाही, हा नियम कुणी घातला? मी, आणि तो सगळ्यांनी पाळला.

चादरीची घडी हातातच राहिली. एकाएकी सुकन्याला अतोनात थकल्यासारखं झालं, जसं काही इतक्या वर्षांचं काम आजच एका दमात केलं. ती टाकीच्या सावलीत टेकून बसली. आणि बसल्या बसल्या त्या थकव्याच्या मागोमाग आणखी काहीतरी वर आलं, छाती भरून. ते तिला ओळखायला वेळ लागला. स्वतःबद्दल असा अभिमान वाटायची तिला सवय नव्हती.

पुढचे काही दिवस काकूंनी तिला सोडलं नाही. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना मधेच थांबवून विचारायच्या, "हं, सांगा बाई, मुलगी जेवेना तर काय कराल?" सुकन्या सांगायची. कुठं "व्हायचं" आलं की काकू नुसती भुवई उचलायच्या.

नवा बायोडाटा करताना दोघींची जुंपली. काकूंनी 'निवासी व्यवस्थापन' आणि 'सर्वांगीण मार्गदर्शन' असं काहीतरी जडजड लिहिलं होतं.

"हे न्हाई जमणार काकू," सुकन्या म्हणाली. "ह्याच्यावर कुणी काही विचारलं तर माझी जीभच वळणार न्हाई. साधं लिहू." आणि तिनं स्वतः सांगितलं तसं लिहिलं: बाहेरगावच्या मुलींना घरी ठेवून त्यांचं जेवण, अभ्यासाच्या वेळा, आजारपण आणि पालकांशी बोलणं मी सांभाळलं. खाली मराठी, हिंदी आणि कामापुरती कानडी. शिक्षण बी.ए., उदगीर.

काकूंनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं. "माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंस," त्या म्हणाल्या, आणि हे वाक्य त्यांनी शाळेत फार कमी जणांना ऐकवलं असणार.

नांदेडची जाहिरात साक्षीनं पाठवली. भाग्यनगरच्या पुढं मुलींचं नवं होस्टेल चालू होणार होतं, रेक्टर पाहिजे. सुकन्या अहमदपूर, लोह्यावरून जाणाऱ्या बसनं निघाली. उन्हानं खिडकीचे गज तापले होते. शेजारची बाई गुरुद्वाऱ्याला निघालेल्या नातेवाइकांच्या गोष्टी सांगत होती आणि सुकन्या हं हं करत मनात आपलीच वाक्यं घोळवत होती. स्टँडवर साक्षी उभी होती. आईची साडी तिनं खांद्यावर सारखी केली आणि म्हणाली, "आई, घाबरू नको."

"घाबरले न्हाई," सुकन्या म्हणाली. मग खरं ते बोलली, "जरा घाबरलेच हाय. पण चल."

होस्टेलच्या इमारतीला नुकता रंग दिलेला होता, वास अजून गेला नव्हता. आत दोघं जण बसले होते. एक मुग्धा मॅडम, होस्टेलच्या संचालिका, चाळिशीच्या, नेमकं बोलणाऱ्या. दुसरे अण्णाराव, जागा आणि इमारत त्यांची. धोतर नाही, पण गावाकडचा बाज तसाच, खुर्चीत मांडी घालून बसलेले.

मुग्धा मॅडमनी बायोडाटा वाचला. "मुलींना घरी ठेवून म्हणजे? खानावळ चालवत होतात?"

"न्हाई मॅडम. खानावळीत पोरगी जेवून निघून जाते. माझ्याकडं पोरगी राहायची. ती किती झोपली, कुणाशी बोलंना झाली, घरून फोन आल्यावर तिचा चेहरा कसा झाला, हे सगळं मी बघत होते."

"बघून काय करत होतात?"

सुकन्यानं पदर सारखा केला. मग सांगायला लागली. कुणाची नक्कल नाही, पाठ केलेलं नाही. "मी सगळ्यांच्या सोबत जेवायला बसत होते. वाढून बाजूला झाले तर कळत न्हाई. पोरगी खचली की ते मार्कांत उशिरा दिसतं, ताटात लवकर दिसतं. शिल्पा म्हणून एक पोरगी होती. ती भाकरी मोडून मोडून ताटातच ठेवायला लागली. मी तिला काही विचारलं न्हाई, रोज संध्याकाळी भाजी आणायला सोबत नेलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रस्त्यात आपणच बोलली, फिजिक्स काहीच समजंना म्हणून. मी तिच्या सरांकडं गेले, तिची बॅच बदलून घेतली. पोरगी सावरली."

अण्णाराव पुढं सरकले. "घरातल्या चार पोरी वेगळ्या ताई. इथं तीन मजले भरून पोरी राहणार. तुम्हाला जमंल का?"

"एकटीला न्हाई जमणार," सुकन्या म्हणाली. मुग्धा मॅडमनी वर बघितलं. "तीन मजले एकट्या बाईला कुणालाच जमत न्हाईत, जमतात म्हनणारी खोटं बोलते. दर मजल्यावर एक मावशी पाहिजे, तिथंच झोपणारी. त्या मावश्यांना काय बघायचं ते मी शिकवीन. आणि रोज सकाळी त्यांच्याकडून मी ऐकून घेईन. घरी पण मी हेच करत होते, मोठ्या पोरीला नव्या पोरीच्या बाजूला झोपवत होते."

"हजेरी वगैरे आमच्याकडं कॉम्प्युटरवर असते," मुग्धा मॅडम म्हणाल्या.

"ते मला येत न्हाई. शिकावं लागंल. फोनवरचं सगळं येतं, कॉम्प्युटरवर कधी काम केलं न्हाई."

"तुमच्याकडून एखाद्या मुलीच्या बाबतीत चुकलं का कधी?"

हा प्रश्न काकूंनी कधी विचारला नव्हता. सुकन्यानं खरं तेच सांगितलं. "एक पोरगी होती, तिला मी लई दिवस धीर देत राहिले. अभ्यास कर, होईल, होईल. मला उशिरा कळलं की तिला डॉक्टर व्हायचंच नव्हतं. मग मीच तिच्या आईबापाला बोलावलं आणि म्हनलं, हिला घेऊन जा, हिचं मन इथं न्हाई. त्यांना राग आला माझा. ती आता उदगीरला बी.कॉम. करते, बरी हाय. पण मी ते आधी ओळखायला पाहिजे होतं. त्या पोरीचं अख्खं वर्ष रडण्यात गेलं."

मुग्धा मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. चांगलं लिहिलं का वाईट, ते उलट्या बाजूनं दिसत नव्हतं.

अण्णारावांनी आता खरा मुद्दा काढला. "गावातल्या आमच्या आधीच्या होस्टेलला एकच दुखणं होतं बघा. बाप लोक. येतात, आवाज चढवतात, रेक्टर रडत ऑफिसात येते. तुम्ही काय करणार?"

"ओरडणारा बाप बहुतेक वेळा भेलेला असतो," सुकन्या म्हणाली. "औरादकडच्या एका गावाहून चंद्रप्पा म्हणून आले होते. अंबिकाचे पप्पा. वर्षाच्या मधेच जीप घेऊन दारात. पोरीला स्थळ आलंय, आत्ताच्या आत्ता घेऊन जातो म्हणून ओरडून राहिले. गल्ली गोळा झाली. मी त्यांना आधी वर नेलं. लोकांसमोर माणूस माघार घेत न्हाई. पाणी दिलं, आणि त्यांचं सगळं बोलून होईपर्यंत मधे तोंड घातलं न्हाई. मग म्हनलं, पोरगी तुमची, न्यायची तर न्या. पण आत्ता ती क्लासमधे पेपर लिहून राहिली. तो होऊ द्या. मी त्यांना तिथं घेऊन गेले, बाहेरच्या बाकावर बसवलं. काचेतून पोरगी दिसत होती, मान खाली घालून लिहिणारी. ते बघत बसले. पेपर सुटल्यावर अंबिका बाहेर आली, तिला ठाऊक पण नव्हतं बाप कशाला आला. धावत येऊन त्यांना मागच्या पेपरचे मार्क सांगायला लागली. त्यांनी तिला स्थळाचं सांगितलंच न्हाई. जीप घेऊन एकटेच परत गेले."

मग मुग्धा मॅडम म्हणाल्या, "या चंद्रप्पांचा नंबर आहे का तुमच्याकडं?"

हे सुकन्याच्या ध्यानीमनी नव्हतं. "हाय."

"लावा. स्पीकरवर. तुमची हरकत नसेल तर."

हरकत कशी घेणार? ती नंबर शोधायला लागली. चंद्रप्पा म्हणजे तोंडाला लगाम नसलेला माणूस, काय बोलेल त्याचा नेम नाही. रिंग वाजत राहिली. उचलला.

"दादा, मी सुकन्या बोलते. लातूरची."

"अक्का!" फोन फुटेल असा आवाज आला. "हेंगिद्दीरी? बरं हाय ना?"

मुग्धा मॅडमनी आपली ओळख सांगितली, आणि सरळ विचारलं, "तुमची मुलगी यांच्याकडं राहत होती ना? बाई कशा आहेत?"

पलीकडं खोकण्याचा आवाज. मग चंद्रप्पा म्हणाले, "बाई लई कडक हाय बघा."

सुकन्यानं डोळे मिटून घेतले.

"मी पोरीला न्यायला गेलतो, जीप घेऊन. ह्या बाईनं मला बाकड्यावर बसवून ठिवलं. शाळंतल्या पोरावानी! पाणी दिलं, च्या दिला, जेवू पण घातलं. पोरगी तेवढी दिली न्हाई."

अण्णाराव खुर्चीत हलून हसायला लागले. "राग आलता का मग?"

"हौदु! लई आलता. घरी जाऊन बायकोवर काढला." चंद्रप्पांचा आवाज एकदम उतरला. "आता पोरगी बीदरला जनावरांची डाक्टर व्हायलीय साहेब. आमच्या गल्लीतल्या म्हशी आतापासूनच तिची वाट बघून राहिल्यात. घरात मी बोललेलं कुणी ऐकत न्हाई, पोरीचं ऐकतेत. त्या दिवशी ही बाई आडवी आली नसती, तर..." ते पुढं बोलले नाहीत. मग शंका आली म्हणून विचारलं, "काय झालं? अक्काला कुणी तरास देऊन राहिलं का? मी येऊ का जीप घेऊन?"

"नको नको," मुग्धा मॅडम घाईनं म्हणाल्या, आणि त्यांनाही हसू आवरेना.

सुकन्याला बाहेर बसायला सांगितलं. अजून दोघी-तिघी आत जायच्या होत्या. साक्षीनं विचारलं, "कसं झालं?" सुकन्या म्हणाली, "मी सांगायचं ते सगळं सांगितलं. आता त्यांना काय करायचं ते करू दे." आणि असं म्हणताना तिला जाणवलं की आपण खरंच तसं मानतोय. लातूरच्या पायऱ्या उतरताना उठवून लावल्यासारखं वाटलं होतं, तसं आज वाटत नव्हतं. नोकरी मिळो न मिळो, आत बसली होती ती सुकन्याच होती.

उन्हं कलली तेव्हा तिला परत बोलावलं.

मुग्धा मॅडमनी शब्द जपून वापरले. "सुकन्याताई, आम्हाला तुम्ही आवडलात. पण तुमच्याकडं संस्थेतला अनुभव नाही, हेही खरं. आम्ही असं म्हणतोय की सध्या सहायक म्हणून या. रेक्टर म्हणून दुसऱ्या कुणाला घेऊ, तुम्ही त्यांच्या हाताखाली शिका. वर्षभरानं बघू."

महिन्याभरापूर्वीची सुकन्या हात जोडून हो म्हणाली असती आणि रस्ताभर देवाचे आभार मानत गेली असती. आजही हो ओठांपर्यंत आलं. तिनं ते तिथंच थांबवलं.

"मॅडम, तुम्ही विचार केला त्याबद्दल आभार. पण सहायक म्हणून मी येणार न्हाई."

अण्णारावांनी मांडी मोडून पाय खाली घेतले.

"कॉम्प्युटर मला शिकायचाय, ते मी कबूल केलं. ते कुणाच्या पण हाताखाली शिकीन. पण पोरी सांभाळायचं काम मी केलेलं हाय, वर्षानुवर्षं. ते मला नव्यानं शिकायचं न्हाई. तुम्ही ज्या कामाला बाई शोधून राहिल्या, तेच काम मी तुम्हाला दुपारभर सांगितलं. मग रेक्टर म्हणूनच घ्या. तीन महिने बघा, न्हाई पटलं तर तोंडावर सांगा, मी बोचकं बांधीन. आणि अजून एक." थांबलं तर पुन्हा बोलता येणार नाही, म्हणून ती सलग बोलत राहिली. "मेस माझ्याकडं पाहिजे. पोरींनी काय खायचं आणि किती वाजता, ते मी ठरवणार. ते दुसऱ्याच्या हातात असंल तर पोरी सांभाळल्या म्हनण्यात काही अर्थ न्हाई."

खालच्या रस्त्यावरून एक ऑटो हॉर्न वाजवत गेला. मुग्धा मॅडम आणि अण्णाराव एकमेकांकडं बघत होते, आणि त्या बघण्यात काय ठरत होतं ते सुकन्याला कळत नव्हतं.

शेवटी अण्णाराव म्हणाले, "मॅडम, मुलाखत कोण घेऊन राहिलंय? आपण का ह्या ताई?"

"मला वाटतं, ताईच," मुग्धा मॅडम म्हणाल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मी खरं सांगू? तुम्ही सहायक म्हणून हो म्हणाला असतात, तर मी घेतलं असतं, पण मनात थोडी शंका राहिली असती. जी बाई स्वतःसाठी ठामपणे बोलू शकत नाही, ती आमच्या मुलींसाठी कशी बोलेल? रेक्टर म्हणून या. मेस तुमच्याकडं. एक तारखेपासून."

"आणि पगाराचं," सुकन्या म्हणाली.

अण्णारावांनी कपाळाला हात लावला आणि मोठ्यानं हसत चहा मागवला. पगाराचं बोलणं चहावर झालं आणि तेसुद्धा सुकन्याच्या मनासारखं झालं.

बाहेर साक्षी वाट बघत उभी होती. सुकन्यानं हो म्हणून मान हलवली. साक्षीनं भर रस्त्यात आईला मिठी मारली, हातातली बॅग खाली पडली, एक रसवंतीवाला वळून बघायला लागला. "आई, तू रेक्टर!" साक्षी म्हणाली. "आता मला तुझ्या होस्टेलला यायचं तर रजिस्टरमधे सही करावी लागेल."

"करावीच लागंल," सुकन्या म्हणाली. "आणि अंधार पडायच्या आत परत जावं लागंल." मग दोघी हसत सुटल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

रसवंतीच्या बाकावर बसून तिनं आधी काकूंना फोन लावला. काकूंनी पहिलं ते शेवटचं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही टोकलं नाही. "अनयला सांगते, सुकन्यानं नोकरी मिळवली," एवढंच म्हणाल्या.

मग गावाकडं. हरिओम गोठ्यात होता, मागून गाईंच्या घंटा ऐकू येत होत्या.

"रेक्टर म्हनजे मोठं काम असतंय का?" त्यानं विचारलं.

"हाव. सगळं होस्टेल माझ्या हाताखाली. स्वयंपाकी, मावश्या, वॉचमन, सगळे."

"वॉचमन पण?" हरिओम गंभीर झाला. "मग मला बायकोला भेटायचं असलं तर तो आत सोडंल का?"

"रविवारी या. पालक म्हणून नाव लिहून घेईन."

पलीकडं हरिओम एवढ्या जोरात हसला की गाय बिथरली असावी, घंटा एकदम वाजल्या. मग तो कुणाला तरी ओरडून सांगायला लागला, मग शेजाऱ्याला, मग रस्त्यानं जाणाऱ्याला. फोन तसाच चालू. शेवटी धोंडाबाईंनी त्याच्या हातातून तो ओढून घेतला असावा.

"काय गं, हा काय बोंबलून राहिला? तुला म्हनं पोरी सांभाळायला दिल्यात?"

"हाव आत्या."

"किती?"

"तीन मजले भरून."

धोंडाबाई मनात कुठंतरी तीन मजल्यांच्या पोरी उभ्या करून बघत असाव्यात. मग म्हणाल्या, "दे मग चांगलं खायला. आणि तिथल्या लोकांना सांगून ठिव, आमच्या घरची बाई हाय म्हनावं. वाकडं बोलायचं काम न्हाई."

"सांगितलंय आत्या," सुकन्या म्हणाली. "मीच सांगितलंय."

रसवाल्यानं दोन ग्लास पुढं केले. बर्फ जास्त घातलेला, आलं थोडं तिखट. सुकन्यानं पदरानं घाम पुसला आणि पहिल्या घोटातच अर्धा ग्लास संपवला.